जुन्या फियाटचं स्टीअरिंग: बदलू, सुधारू की आहे तसंच ठेवू?

मागची सीट

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९६४ची फियाट ११०० आहे. नऊ वर्षं ताडपत्रीखाली होती. गेल्या दीड वर्षात पत्रा, रंग, ब्रेक, वायरिंग असं एकेक करत इथवर आलेय. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं (दृष्ट काढून ठेवली आहे).

अडलंय ते स्टीअरिंगवर. तक्रारी दोन. सरळ रस्त्यावर मधोमध चार बोटं रिकामंच फिरतं, गाडीला काही पत्ताच नसतो. आणि उभ्या गाडीत किंवा पार्क करताना इतकं जड की मला सीटवरून अर्धं उठावं लागतं.

आता खरं कारण. ही गाडी आई चालवायची. घेतली बाबांनी, पण त्यांचं आणि क्लचचं कधी पटलं नाही. आम्ही भावंडं कायम मागच्या सीटवर, म्हणून हे सदस्यनाम. आई आता बहात्तरची आहे, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, आणि तिला ही गाडी पुन्हा चालवायची आहे. मागच्या महिन्यात हौसेनं बसली, गेटबाहेर काढली, पहिल्याच वळणावर थांबली आणि म्हणाली, "ही माझी गाडी नाही. ती अशी नव्हती." उतरून घरात गेली.

मला तीन मार्ग दिसतात: एखाद्या नव्या गाडीचं रॅक-पिनियन (आडवी दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक), पंपवालं हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग किंवा इलेक्ट्रिक. कुणी यातलं काही केलंय का? काय करू?

नटबोल्ट

इलेक्ट्रिक. पुढचा प्रश्न?

मूळपुरुष

कृपा करून काहीही करू नका. साठ वर्षं जी गाडी तशीच्या तशी राहिली तिला नव्या गाडीचे अवयव लावायचे असतील तर नवीच गाडी घ्या ना. पॉवर स्टीअरिंगवाल्या गाड्यांना काय तोटा आहे? जुनी गाडी चालवायची म्हणजे जुन्या गाडीसारखीच चालवायची. जड असेल तर जड. कळकळीनं लिहितोय, राग मानू नका.

गंजका पत्रा

@मूळपुरुष, मागच्या धाग्यात तुम्हीच तुमच्या गाडीला हॅलोजन दिवे लावल्याचे फोटो टाकले होते. हलके घ्या.

मूळपुरुष

दिवे दोन स्क्रू काढले की परत निघतात. स्टीअरिंगसाठी चॅसी कापावी लागते. फरक आहे.

बारा-तेरा पाना

मी रॅक बसवलं होतं. फियाट नाही, दुसरी एक जुनी सलून, नाव सांगून तिची बदनामी करत नाही. माझं पाप तिच्यावर कशाला.

वाचून वाटतं सोपं आहे. रॅक आडवं बसवायचं, दोन्ही टोकं चाकांना जोडायची, झालं. माझ्या गाडीत मूळ लिंकेज (स्टीअरिंग चाकांना जोडणाऱ्या दांड्या) पुढच्या चाकांच्या मध्यरेषेच्या मागे होतं. मी आणलेलं रॅक ज्या गाडीतलं होतं तिच्यात ते मध्यरेषेच्या पुढे असायचं. मी ते मागे बसवलं. वेल्डिंग झालं, रंग झाला, शेजारी बघायला जमले. उजवीकडे वळवलं आणि चाकं डावीकडे वळली.

खोटं वाटेल, पण आधी मला वाटलं की माझंच काहीतरी चुकतंय. दोनदा करून पाहिलं. मग शेजारचे आजोबा म्हणाले, "सवय होईल रे."

चिकट ऑइल

😂😂 "सवय होईल रे" फ्रेम करून लावतो.

शंकासुर

पण असं का होतं? रॅक तर तेच आहे ना?

ग्रीसगन

@शंकासुर, चाकाच्या नकलमधून (ज्या भागावर चाक बसतं आणि वळतं) एक हात बाहेर येतो, स्टीअरिंग आर्म. तो मध्यरेषेच्या पुढे असेल तर उजवीकडे वळायला त्याला उजवीकडे ढकलावं लागतं. मागे असेल तर तोच आर्म डावीकडे ढकलावा लागतो. रॅकला हे कळत नाही, ते आपलं ठरल्या बाजूलाच सरकतं. हातात पेन आडवं धरून मधल्या बिंदूभोवती फिरवून बघा, लक्षात येईल.

धागाकर्तीच्या प्रश्नावर रात्री सविस्तर लिहितो. तोवर काहीही विकत घेऊ नका.

बारा-तेरा पाना

गोष्ट तिथे संपली नाही. सगळं कापून, दुसरं रॅक आणून, नीट बसवलं. आता गाडी योग्य बाजूला वळू लागली. पण खड्ड्यात चाक गेलं की गाडी आपणहून दिशा बदलायची. स्टीअरिंग सरळ धरलेलं, आणि गाडी निघाली बाजूच्या गाडीला भेटायला. याला बंप स्टीअर म्हणतात हे नंतर कळलं. चाक वरखाली होताना विशबोन (चाकाला धरणारा सस्पेन्शनचा हात) एका कंसात फिरतो, टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) दुसऱ्या कंसात. मूळ डिझाइनमध्ये हे दोन कंस जुळवलेले असतात. आपण रॅक दोन सेंटिमीटर वर बसवलं किंवा ते लांबीला जास्त निघालं की कंस फिसकटले, आणि प्रत्येक खड्ड्याला चाकाचा टो, म्हणजे वरून पाहता आत-बाहेरचा कल, बदलतो.

शेवटी स्प्रिंग काढून, चाक जॅकवर इंचाइंचानं वरखाली करून, चाकाला फळी बांधून मापं घेतली आणि रॅकची उंची तीनदा बदलली. आठ महिने गेले. आज ती गाडी छान चालते. पुन्हा करशील का विचाराल तर नाही.

तिसरा गिअर

दादा, माझं मत हायड्रॉलिकला. रस्त्याचा खरा फील त्यातच येतो. इलेक्ट्रिक म्हणजे व्हिडिओ गेम.

मागची सीट

दादा नाही, ताई. 🙂

तिसरा गिअर

सॉरी ताई! बाकी मत कायम.

गंजका पत्रा

@तिसरा गिअर, ११००च्या इंजिनला पंप लावणार कुठे? त्याला पुली हवी, ब्रॅकेट हवं, पट्टा हवा, तेलाची टाकी हवी, उच्च दाबाचे पाइप हवेत. पंप इंजिनची थोडी ताकदही खातो, आणि तिथे मुळात फार शिल्लक नाही. शिवाय स्टीअरिंगचा बॉक्सही (सळीच्या खालच्या टोकाचा गिअरचा डबा) बदलावा लागणार. मोठ्या सहा-आठ सिलिंडरच्या गाड्यांना ते शोभतं. ज्या जुन्या मॉडेलला कंपनीनंच पर्याय म्हणून पॉवर स्टीअरिंग दिलं होतं, उदा. मर्सिडीज डब्ल्यू १२३, तिथे त्याच मॉडेलचा पॉवरवाला बॉक्स मिळवून लावणं हा सरळ मार्ग. फियाटला ती सोय नाही.

कुंपणावरून

वाचतेय. गाडीतलं काही कळत नाही, पण आई गाडी चालवायच्या आणि बाबांचं क्लचशी पटत नव्हतं हे फार आवडलं. त्यावर वेगळा धागा काढा.

ग्रीसगन

आता बसतो लिहायला. लांब होईल.

ताई, तुमच्या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमच्या आईंचं आहे. "ती अशी नव्हती." त्यांनी निदान केलं आणि तुम्ही ते तक्रार म्हणून ऐकलंत. त्या बाई ही गाडी वर्षानुवर्षं चालवत होत्या, तेव्हा त्यांना सीटवरून उठावं लागत नव्हतं. ती जेमतेम नऊशे किलोची गाडी. कारखान्यातून निघालेली ११०० हलकी नव्हती हे खरं, पण इतकी जडही नव्हती. म्हणजे मधल्या काळात काहीतरी बदललंय. ते काय, हे कळण्याआधी नवं काही बसवलंत तर मोटर तो बिघाड झाकेल, आणि बिघाड आतून वाढत राहील.

आधी जडपणा बघा. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचला, खाली स्टँड लावा आणि स्टीअरिंग फिरवा. हवेतही जड असेल तर घर्षण आत आहे: किंगपिन (ज्या खिळीवर चाक वळतं ती), बॉक्स किंवा कॉलमचा (स्टीअरिंगच्या सळीच्या नळीचा) बुश. हवेत भिरभिरत असेल आणि जमिनीवरच जड असेल तर टायर, हवा किंवा अलाइनमेंट. हवेत जड निघालं तर बॉक्सच्या खालचा आर्म लिंकपासून सोडवा आणि पुन्हा फिरवा. आता हलकं झालं तर दोष किंगपिनकडे किंवा आयडलरकडे (लिंकला दुसऱ्या बाजूनं धरणारा हात). तरी जडच, तर बॉक्स किंवा कॉलम.

मग प्ले, म्हणजे ते रिकामं फिरणं. चाकं जमिनीवर, इंजिन बंद. एकानं स्टीअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्यानं खाली झोपून प्रत्येक जोडावर बोट ठेवायचं. जोडाची एक बाजू हलते आणि दुसरी नंतर हलते असं जिथे लागेल तिथे प्ले. बोटाला जे कळतं ते डोळ्याला दिसत नाही. नंतर चाक उचलून वर-खाली धरून हलवा. हलत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर चाकाचं बेअरिंग. नाही थांबलं तर किंगपिन. मग डावी-उजवी बाजू धरून हलवा, तिथे टाय रॉड एंड कळतील.

आणि एक विनवणी. बॉक्सवर एक स्क्रू आणि लॉकनट दिसेल. प्ले आहे म्हटल्यावर प्रत्येक जण तो पिळतो. पिळू नका. वर्म (बॉक्सच्या आतला आट्यांचा दांडा) सगळ्यात जास्त झिजतो तो मधोमध, कारण गाडी आयुष्यभर सरळच चालते. टोकाकडचा भाग जवळजवळ नवा असतो. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू पिळला की पूर्ण वळणावर बॉक्स आवळतो, आणि वळून आलेलं स्टीअरिंग परत फिरत नाही. आधी वर्मचा उभा प्ले शिम (पातळ चकत्या) काढून घालवायचा, मग चाकं सरळ ठेवून मधोमध स्क्रू लावायचा, आणि टोकापर्यंत फिरवून कुठे अडकत नाही ना बघायचं. अडकलं तर तो बॉक्स झिजला, स्क्रूनं बरा होणार नाही.

टायर कोणते आहेत तेही सांगा.

चिकट ऑइल

वाचनखूण साठवली. बोटवाली युक्ती माहीत नव्हती.

नटबोल्ट

ग्रीसगनसाहेबांना लोटांगण. माझा "इलेक्ट्रिक. पुढचा प्रश्न?" मागे घेत नाही, फक्त पुढे ढकलतो.

मागची सीट

@ग्रीसगन, खूप खूप आभार. "निदान केलं आणि तुम्ही तक्रार म्हणून ऐकलंत" हे आईला वाचून दाखवलं. तिचं उत्तर: "हे कोण आहेत? हुशार आहेत."

टायर १८५ रुंदीचे आहेत. आमच्याकडून मधली काही वर्षं गाडी मावसभावाकडे होती, त्यानं "दिसायला दणकट" म्हणून लावले. त्यानं लहान स्पोर्ट्स स्टीअरिंगही लावलंय.

गंजका पत्रा

झालं! सापडला चोर. मूळचे टायर ५.२०-१४, म्हणजे आजच्या भाषेत साधारण १५५. १८५ म्हणजे जमिनीला घासणारं रबर कितीतरी जास्त. आणि रुंद टायरसाठी बाहेर आलेल्या रिम असतील तर विचारूच नका. किंगपिनची रेषा जमिनीला जिथे भेटते ती जागा आणि टायरचा मध्य यांतलं अंतर वाढतं, प्रत्येक खड्डा थेट हाताला झटका देतो.

लहान स्टीअरिंगचा हिशोब सोपा आहे. मूळचं चाळीस सेंटिमीटरचं असेल आणि आत्ताचं पस्तीसचं, तर तेच काम करायला चौदा टक्के जास्त जोर लागतो. जुन्या गाड्यांची स्टीअरिंगं परातीएवढी होती ती हौस म्हणून नव्हेत.

मूळपुरुष

मी काय म्हणत होतो? मूळ टायर, मूळ स्टीअरिंग. आपोआप निम्मा प्रश्न सुटला.

गंजका पत्रा

पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

तिसरा गिअर

अवांतर: वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळायला हवं, ही भूमिती आकरमानच्या नावानं ओळखली जाते. पण आकरमान हे लंडनमधले पुस्तकविक्रेते-प्रकाशक होते! कल्पना लांकेन्स्पेर्गर नावाच्या जर्मन बग्गी कारागिराची, यांनी त्याच्या वतीनं १८१८ साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं. काम एकाचं, नाव दुसऱ्याचं.

नटबोल्ट

आमच्या ऑफिसात हे रोज होतं, पेटंट मात्र मिळत नाही.

शंकासुर

मग पॉवर स्टीअरिंग पहिल्यांदा कधी आलं?

तिसरा गिअर

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरनं १९२०च्या दशकातच बनवून दाखवलं होतं. विक्रीच्या गाडीत आलं १९५१ साली, क्रायस्लर इंपीरियलमध्ये. आणि इलेक्ट्रिक १९८८ साली सुझुकी सर्वोत. म्हणजे ज्याला मी व्हिडिओ गेम म्हणतो तोही आता जुना झाला.

कुंपणावरून

स्टीअरिंगवर लावायचा तो लट्टू चालणार नाही का? ट्रॅक्टरला असतो तसा. एका हातानं गरगर फिरतं.

ग्रीसगन

कुंपणावरून ताई, लट्टूनं पकड मिळते, जोर कमी लागत नाही. आणि वळून आलेलं स्टीअरिंग वेगानं परत फिरतं तेव्हा तो लट्टू मनगटाला किंवा बाहीला गाठतो. शेतात हळू चालणाऱ्या ट्रॅक्टरचं वेगळं. ऑपरेशन झालेल्या खांद्याला तर नकोच.

मागची सीट

तीन आठवड्यांनी हजेरी लावतेय. सांगितलं तसं सगळं केलं. भाऊ स्टीअरिंगवर, मी खाली, बोटं जोडांवर. (लहानपणी तो पुढे बसायला भांडायचा, आता बसला एकदाचा.)

निकाल असा. हवेतही जड होतं. लिंक सोडल्यावर बॉक्स हलका निघाला, म्हणजे दोष किंगपिनचा. काढल्यावर दिसलं, उजवीकडच्या किंगपिनमध्ये जुनं ग्रीस वाळून लाखेसारखं झालेलं, निपलमधून नवं ग्रीस आत जातच नव्हतं. प्ले तीन ठिकाणी: आयडलरचा बुश, एक टाय रॉड एंड, आणि थोडा बॉक्समध्ये. बॉक्स चॅसीला धरणाऱ्या तीन बोल्टपैकी एक सैल होता! स्टीअरिंग हलवलं की अख्खा बॉक्स हलायचा. तोच प्ले मी आत शोधत होते.

किंगपिन, बुश, टाय रॉड एंड नवे. १५५चे रेडिअल. माळ्यावर मूळ स्टीअरिंग सापडलं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. मावसभावानं टाकलं नव्हतं, त्याला माफ केलं.

फरक? रिकामं फिरणं आता एका बोटाएवढं. चालत्या गाडीत स्टीअरिंग सुरेख. उभ्या गाडीत मला पूर्वीच्या निम्म्यानं जोर लागतो.

आई बसली. एक फेरी मारली. म्हणाली, "हां, ही ती." मग पार्क करताना तिचा हात अर्ध्यात थांबला. गाडी तिची झाली, पण खांदा तो राहिला नाही. त्यामुळे मूळ प्रश्न परत टेबलावर.

मूळपुरुष

ताई, मनापासून अभिनंदन. आणि शेवटचा परिच्छेद वाचून थोडा गप्प झालो. कापाकापी न करता काही होत असेल तर मी विरोध करणार नाही. एवढंच लिहितो.

नटबोल्ट

ढकललेला प्रतिसाद आता सादर करतो: इलेक्ट्रिक.

ग्रीसगन

नटबोल्टशी सहमत. आता तो निर्णय योग्य पायावर उभा आहे. कॉलमवर बसणारं युनिट घ्या. डॅशखाली लपतं, इंजिनच्या बाजूला काही दिसत नाही. युरोपात जुन्या गाड्यांना ओपेल कोर्साचं युनिट बरेच जण लावतात. कोर्सात मिळायचा तो वेगाचा सिग्नल आला नाही की ते ठरावीक, सुरक्षित मदतीवर चालू राहतं, आणि बाहेरून छोटा कंट्रोलर जोडला की एका बटणानं मदत कमी-जास्त करता येते.

पण अडचणी नीट समजून घ्या.

पहिली वीज. उभ्या गाडीत पूर्ण जोर लावताना मोटर क्षणभर चाळीस-पन्नास अँपिअर ओढते. त्या काळच्या डायनॅमोची ताकद वीस-बावीसच्या आसपास, तीही इंजिन पळत असताना. पार्क करताना इंजिन आयडलवर, डायनॅमो झोपलेला, सगळा भार बॅटरीवर. अल्टरनेटर लागेलच. जाड केबल थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीजवळ, आणि इग्निशनवर चालणारा रिले. जुन्या ब्रिटिश गाडीवाले वाचत असतील तर तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं) असेल तर आधी ते बदला, नाहीतर युनिटचा धूर बघाल.

दुसरी हँडगिअर. तुमचे गिअर स्टीअरिंगजवळच्या दांडीवर आहेत. त्या दांडीची जागा आणि मोटरची जागा एकमेकींना आडवी जायला नको. घेण्याआधी पुठ्ठ्याचा मोटरएवढा डबा करून डॅशखाली धरा आणि चारही गिअर टाकून बघा.

तिसरी सळी. बऱ्याच जुन्या गाड्यांत स्टीअरिंगची सळी आणि वर्म एकाच तुकड्याचे असतात. तसं असेल तर तुमची मूळ सळी कापू नका. मोडीतला दुसरा बॉक्स मिळवा, त्याची कापा, मूळ सांभाळून ठेवा. मूळपुरुषांचाही मान राहील. जोडायला युनिव्हर्सल जॉइंट वापरा, शक्यतो स्प्लाइनवाले (खाचांनी घट्ट बसणारे). दोन जॉइंट लावाल तर दोन्हींचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर स्टीअरिंग फिरताना आलटून-पालटून हलकं-जड लागेल. स्टीअरिंगच्या सळीवर हौशी वेल्डिंग करू नका. ज्याला हे काम रोजचं आहे आणि जो जोड तपासून देतो, अशाकडूनच करून घ्या.

चौथी गोष्ट फार कुणी सांगत नाही. मोटर कॉलमवर आहे, म्हणजे तिचा सगळा जोर खालच्या जुन्या वर्ममधून जाणार. चाक फुटपाथला टेकलेलं असताना स्टीअरिंग पिळलंत तर पूर्वी हात हरायचा, आता बॉक्स हरेल. गाडी किंचित चालती ठेवून वळवायची सवय ठेवा.

विमा आणि नोंदणीच्या नियमांत हे बसतं का तेही आधी विचारून घ्या.

बारा-तेरा पाना

यात मी एक भर घालतो. मदत खूप ठेवली तर स्टीअरिंग आपणहून मध्यावर परत येत नाही, कारण मोटर आणि तिचे गिअर स्वतःचं घर्षण घालतात. कॅस्टर (किंगपिनचा मागे कललेला कोन) नीट असेल तर चाकं परत यायला जोर करतात. जुन्या गाड्यांत स्टीअरिंग हलकं राहावं म्हणून कॅस्टर मुद्दाम कमी ठेवायचे. मोटर आल्यावर मर्यादेत जरा वाढवता येतो. अलाइनमेंटवाल्याला सांगा.

शंकासुर

मोटर चालता चालता बंद पडली तर?

ग्रीसगन

सळी तशीच जोडलेली राहते, गाडी वळते, फक्त आधीसारखी जड. म्हणूनच आधी किंगपिन वगैरे नीट करायला लावले. मोटर बंद पडेल त्या दिवशी आईंच्या हातात जे उरेल, ते त्यांना झेपायला हवं.

कुंपणावरून

हे वाक्य वाचून थांबले.

मागची सीट

चार महिन्यांनी. कुणी आहे का अजून?

झालं. पुठ्ठ्याचा डबा करून बघितला. पहिल्या जागेला तिसरा गिअर अडकत होता (सदस्य नव्हे), म्हणून युनिट सहा सेंटिमीटर खाली नेलं. मोडीतल्या गाडीचा बॉक्स मिळाला, त्याचीच सळी कापली. मूळ बॉक्स तेल लावून, कापडात बांधून, चिठ्ठी लावून माळ्यावर. जिथे स्टीअरिंग सापडलं होतं त्याच जागी. अल्टरनेटर लावला. चॅसीला एकही नवं भोक नाही.

मदतीचं बटण डॅशखाली, शून्य ते दहा. मी आईसाठी आठवर ठेवलं होतं. आई एक फेरी मारून आली आणि पहिला प्रश्न: "हे कुठे कमी करायचं?" म्हणाली, पाळण्यातल्या खेळण्यासारखं फिरतं, चाकं कुठे आहेत ते कळत नाही. स्वतः खाली वाकून बटण फिरवत गेली, वळवत गेली. शेवटी तीनवर थांबली. पार्क करताना पाचवर नेते, रस्त्यावर तीनवर.

मूळपुरुष

माळ्यावरच्या चिठ्ठीवर तारीख घाला. पुढे कुणीतरी उघडेल तेव्हा त्याला लागेल.

तिसरा गिअर

माझ्या नावावरचा विनोद पोचला. आणि व्हिडिओ गेमचा मुद्दा आईंनी माझ्या बाजूनं निकालात काढला आहे हे सगळ्यांनी लक्षात घ्यावं.

ग्रीसगन

तीन म्हणजे अगदी बरोबर आकडा. आईंना नमस्कार सांगा. सहा महिन्यांनी बॉक्सचे बोल्ट पुन्हा तपासा, आणि किंगपिनला ग्रीस देताना चाक उचलूनच द्या. भार असताना दिलं तर टेकलेल्या बाजूला ग्रीस पोचत नाही.

मागची सीट

चिठ्ठीवर तारीख घातली, बोल्टचं स्मरण फोनमध्ये घातलं. नमस्कारही पोचवला. त्यावर आई म्हणाली, त्यांना विचार, हॉर्न मधूनमधून का वाजत नाही.

ग्रीसगन

मूळ स्टीअरिंग बसवताना मधली स्प्रिंग आणि कार्बनचा तुकडा साफ केला होता का? की नुसतंच दाबून बसवलं?

मागची सीट

…नुसतंच दाबून बसवलं.